फुलबाजीच्या उजेडातली मुलं: चार जुलैच्या रात्री फोटो कसे काढायचे

चार जुलै म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, फटाक्यांची रात्र. इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या फोनमध्ये दरवर्षी पाच जुलैला एकाच जातीचे फोटो साठलेले असतात. काळाकुट्ट चौकोन, मध्ये पांढरा भगभगीत गोळा, आणि त्या गोळ्यामागे कुठेतरी आपलं पोर असावं असा अंदाज. तो फोटो आजीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना खाली लिहावं लागतं, "डावीकडचा आपला." मी स्वतः असे फोटो पाच वर्षं काढले.

चूक एवढीच होती, की मी फुलबाजीचा फोटो काढत होते. समई लावल्यावर आपण ज्योतीकडे टक लावून बघत नाही, तिच्या उजेडात देव कसा दिसतो ते बघतो. इथेही तेच करायचं. फुलबाजी पोराने बघावी, आपण पोराला बघावं. हे एकदा पटलं की कॅमेऱ्याचे आकडे आपोआप समजायला लागतात.

खाली सगळं क्रमाने, त्या एका संध्याकाळच्या घड्याळाप्रमाणे लिहिलं आहे. घर मध्य न्यू जर्सीतलं, म्हणून वेळाही तिथल्याच. मुलं दोन: थोरली नऊची, धाकटा सहाचा.

आधी कायदा, मग खोकं

भारतातून नव्याने आलेल्यांना हे माहीत नसतं, म्हणून सुरुवातीलाच. इथे फटाक्यांचा कायदा राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत हातात धरायच्या फुलबाज्या (इथल्या भाषेत स्पार्कलर) २०१७ पासून चालतात, फक्त विकत घेणारा १६ वर्षांचा तरी हवा. आपल्या नागगोळ्यांनाही त्याच कायद्यात परवानगी आहे. हवेत उडणारं आणि धडाडधूम करणारं मात्र काही नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये साधी फुलबाजीसुद्धा बेकायदा, न्यूयॉर्क शहरातही तसंच. तेव्हा हडसन नदीपलीकडे, न्यूयॉर्कमधल्या भावाकडे जेवायला जाताना गाडीच्या डिकीत खोकं टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. टाउनहाउसमध्ये राहत असाल तर सोसायटीचे नियम वेगळे असतील, तेही बघून घ्या.

काड्यांवर नंबर असतो, तो म्हणजे इंचांतली लांबी. ८ नंबरची काडी अर्धा-पाऊण मिनिट जळते, १० नंबरची मिनिटभराच्या आसपास. ३६ नंबरची लग्नात नवरा-नवरीच्या दुतर्फा धरतात ती. ती तीन-चार मिनिटं चालते, पण लहान हाताला जड होते आणि टोकाला वाकते. मुलांसाठी १० नंबर घ्या. ८ नंबरची काडी तुम्ही फोकस लावेपर्यंत निम्मी संपलेली असते, शिवाय ठिणग्या बोटांच्या फार जवळ.

रंगीत काड्या मुलांना हव्या असतात, आपल्याला नको. त्यांत धूर जास्त आणि ठिणग्या कमी. वर हिरव्या उजेडात धडधाकट पोरही कावीळ झाल्यासारखं दिसतं. खोक्यावर 'गोल्ड' लिहिलेली साधी काडी शोधा. साध्या सोनेरी काडीत लोखंडाची भुकटी असते, आणि लोखंडातल्या कार्बनमुळे उडालेली ठिणगी हवेतच पुन्हा फुटते. ते बारीक फाटे, ज्यामुळे तिला फुलबाजी म्हणावंसं वाटतं, तिथून येतात. त्वचेवरही हा पिवळसर उजेड छान पडतो.

एका मुलामागे आठ काड्या धरा. एक कॅमेऱ्याची चाचणी करायला, दोन चेहऱ्याच्या फोटोंना, दोन अक्षरं काढायला, एक राखीव. उरलेल्या दोन नुसत्या खेळायला, त्या वेळी कॅमेरा खाली ठेवायचा. हा शेवटचा नियम थोरलीने घातलेला आहे आणि मी तो पाळते.

संध्याकाळी सात: अंगण आणि बादली

फुलबाजीचं टोक सुमारे २००० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे ११०० अंश सेल्सियसच्या घरात तापतं. दिवाळीत आपण ती तीन वर्षांच्या बाळाच्या मुठीत देऊन हौसेने फोटो काढत आलो, पण ते बरोबर नव्हतं. पाच वर्षांखालच्यांना काडी द्यायची नाही. त्यांना डॉलर स्टोअरमधली चमकती प्लॅस्टिकची कांडी द्या. अंधारात तिचेही फोटो मजेदार येतात.

बाकीच्यांसाठी सुती कपडे, फार घोळ नसलेले. केस बांधलेले. पायात बंद बूट. क्रॉक्स चालत नाहीत, कारण वरच्या भोकांतून ठिणगी अचूक आत जाते. अंगणात पाण्याने भरलेली बादली, आणि जमलं तर बागेचा पाइप सुरू करून जवळ ठेवलेला.

बादलीजवळ एक मोठं माणूस नेमायचं, आणि त्याच्या हातात कॅमेरा नसावा. हे मी अनुभवाने शिकले. तीन वर्षांपूर्वी मी स्क्रीनवर फोटो मोठा करून बघत होते, तेवढ्यात धाकट्याने विझलेली काडी गवतात टाकली आणि दोन पावलं मागे येऊन तिच्यावरच पाय दिला. चपला त्याने कधीच काढून फेकल्या होत्या. काडी विझली तरी तार बराच वेळ गरम असते, आणि अंधारात ती दिसत नाही. तळपायावर बोटभर लाल रेघ उमटली. वीस मिनिटं नळाच्या गार पाण्याखाली पाय धरला, टूथपेस्ट आणि हळद घेऊन धावणाऱ्या दोघांना थोपवलं, आणि त्या वर्षीचे फोटो तिथेच संपले. आता आमच्याकडे बादली आजोबांकडे असते. काडी विझली की मूल थेट त्यांच्याकडे जातं, चर्र आवाज ऐकतं, आणि मगच दुसरी काडी मिळते. मुलांना तो चर्र आवाज इतका आवडतो की आठवण करून द्यावी लागत नाही.

आता अंगणाकडे फोटोवाल्याच्या नजरेने बघा. मुलांच्या मागे काय आहे? पांढरी गाडी, कचऱ्याचे डबे, शेजाऱ्यांचा पोर्चचा दिवा, हे सगळं फोटोत येणार. झाडं किंवा काळपट कुंपण असेल अशी बाजू निवडा आणि मुलं त्याच्या दहा फूट पुढे उभी राहतील अशी खूण करा. खडूने दोन वर्तुळं काढली तर उत्तम, एकमेकांपासून निदान सहा फुटांवर. मूल आपापल्या वर्तुळात. धावायचं नाही, पेटलेली काडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.

घरातले आणि डेकवरचे दिवे बंद. आणि एक दिवा हमखास विसरला जातो: हालचाल झाली की आपोआप लागणारा गॅरेजवरचा फ्लडलाइट. दहा सेकंदांचा सुंदर चाललेला फोटो त्याने कसा धुवून काढला ते मी सांगत बसत नाही. आत जाऊन त्याचं बटणच बंद करा.

वाऱ्याची दिशा बघा. धूर तुमच्या किंवा मुलांच्या तोंडावर यायला नको, आडवा जायला हवा.

साडेआठ: कॅमेरा हातात

दिवाळीत साडेसहाला अंधार पडतो, मुलं ताजी असतात. इथे चार जुलैला सूर्यच साडेआठला मावळतो, सिअ‍ॅटलसारख्या ठिकाणी तर नऊ वाजून जातात. तोवर मुलं दुपारभर पोहून, हॉट डॉग आणि आमरस असं विचित्र जेवण करून पेंगुळलेली असतात. त्यामुळे अंधार झाल्यावर मेन्यूत शोधाशोध करायला वेळ नाही. उजेड असतानाच सगळं लावून ठेवा.

फ्लॅश बंद. फ्लॅशने चेहरा दिसेल, पण सोनेरी उजेड मरतो आणि फोटो पासपोर्टचा होतो.

मोड मॅन्युअल, म्हणजे एम. कॅमेऱ्याच्या ऑटोला एवढा काळोख दिसला की तो घाबरून सगळं उजळवतो, आणि फुलबाजीचा तो पांढरा गोळा तिथेच जन्माला येतो.

फोटो रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये. जमत नसेल तर निदान व्हाइट बॅलन्स (फोटोतले रंग उबदार की थंड ते ठरवणारी सोय) ऑटोवर ठेवू नका. ऑटो तो सोनेरी रंग दुरुस्त करायला जातो. ४००० केल्विनच्या आसपास ठेवलं तर चेहरा ऊबदार राहतो आणि मागचं आकाश निळं येतं.

लेन्स ५० मिलिमीटरची, एफ १.८ वाली, जी सगळ्यात स्वस्त मिळते ती. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं आणि उजेड जास्त.) मुलापासून दोन मीटरवर, खाली बसून. उभ्याने काढलेल्या फोटोत मुलांच्या डोक्याचे भांग येतात. त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा यायला हवा, मग गुडघे ओले झाले तरी चालतील. दोन मीटरच्या आत जाऊ नका. ठिणगी लेन्सच्या काचेवर पडली तर डाग कायमचा. काचेवर साधा यूव्ही फिल्टर लावलेला बरा.

अ‍ॅपर्चर, म्हणजे ते भोक, मात्र एफ १.८ पर्यंत उघडायचा मोह आवरा. फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर दोन मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम १७ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही, एवढीच पट्टी स्पष्ट येते. मूल थोडं पुढे झुकलं की डोळे धुरकट. एफ २.८ वर ही पट्टी २७ सेंटिमीटरपर्यंत जाते. तेवढ्यात भागतं. हातातली काडी या पट्टीच्या बाहेरच राहते, आणि ते चांगलंच आहे: ठिणग्यांचे मऊ गोल ठिपके होतात आणि डोळे धारदार राहतात.

फोकससाठी अंधारात ऑटोवर विसंबू नका. काडी पेटली की कॅमेरा डोळे सोडून ठिणग्यांच्या मागे लागतो आणि लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहते. मूल वर्तुळात उभं असताना कुणाला तरी टॉर्च त्याच्या छातीवर मारायला सांगा, डोळ्यांवर फोकस घ्या, आणि लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. तुम्ही आणि ते जागचे हलत नाही तोवर तो फोकस टिकतो. म्हणून तर खडूची वर्तुळं.

पावणेनऊ: पहिली काडी वाया घालवा

ही काडी मोठ्या माणसाने धरायची, मुलाच्याच वर्तुळात उभं राहून. सुरुवातीचे आकडे: एफ २.८, शटर १/१२५ (सेकंदाचा एवढा भाग ते उघडं राहतं), आयएसओ १६०० (उजेड टिपायची कॅमेऱ्याची संवेदनशीलता). कॅमेऱ्याबरोबर आलेली साधी झूम लेन्स असेल तर ती एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही, मग आयएसओ चौपट करून ६४०० करावा लागेल. फोटोत बारीक दाणे दिसतील, दिसू द्या.

स्क्रीनवर बघताना काडीकडे बघायचंच नाही, गालाकडे बघायचं. काडीचं टोक पांढरं फटक येणारच, त्यात तपशील कधी सापडणार नाही. गाल आणि कपाळ उजळ, पण त्वचेचा पोत दिसतो, असं हवं. जास्त उजेड लुकलुकून दाखवणारी सोय कॅमेऱ्यात असेल तर फक्त टोक लुकलुकायला हवं. हात आणि गालही लुकलुकत असतील तर आयएसओ निम्मा करा.

सूर्य मावळल्यानंतरचा हा पंधरा मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंतचा काळ सोन्यासारखा आहे. आकाश अजून काळं नाही, गडद निळं आहे, आणि झाडांच्या कडा त्यावर उमटतात. पूर्ण अंधार झाल्यावर काढलेल्या फोटोत मूल कुठल्यातरी विहिरीत उभं असल्यासारखं वाटतं. मागे पश्चिम येईल असं उभं राहिलात तर निळाई जास्त वेळ पुरते. दर पाच मिनिटांनी एक नजर टाका. आकाश बुडत चाललं तर शटर १/६० वर आणा.

नऊच्या सुमारास: चेहरे

मोठ्या माणसाने लांब मानेच्या लायटरने एका वेळी एकच काडी पेटवायची. एका काडीवरून दुसरी पेटवायची आपली दिवाळीची सवय इथेच सोडून द्या. दोन मुलांचे चेहरे त्यासाठी नको इतके जवळ येतात. काडीला पेट घ्यायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही तयार.

मुलाला सांगायचं ते दोनच वाक्यांत: "हात लांब. काडी खांद्यासमोर, थोडी बाजूला." काडी हनुवटीखाली आली की उजेड खालून वर जातो आणि आपलं गोजिरवाणं पोर वेताळ दिसतं. बाजूने आलेल्या उजेडात एक गाल सोनेरी, दुसरा सावलीत, नाकाची छोटी सावली, असं सगळं मिळतं.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. काडी चेहऱ्यापासून ६० सेंटिमीटरवर आहे ती ३० वर आणली, तर चेहऱ्यावर चौपट उजेड पडतो. त्यामुळे "हात जरा जवळ घे ना" असं तोंडात येतंच येतं. ते कधीच म्हणायचं नाही. आयएसओ चौपट करा, नेमका तेवढाच फरक पडतो, आणि भुवया शाबूत राहतात.

"हस" म्हणू नका. हसायला सांगितलं की मुलं कॅमेऱ्याकडे बघून दात दाखवतात. मी धाकट्याला ठिणग्यांना कितव्यांदा फाटा फुटतो ते मोजायला सांगते. मोजता येत नाहीच, पण तो मोजत राहतो, आणि त्याचं तोंड किंचित उघडं राहतं. थोरलीची वेगळीच तऱ्हा. काडी पेटायच्या आधीच ती खालचा ओठ दातांत धरते, मान मागे घेते, डोळे बारीक करते. पहिली ठिणगी उडाली की आधी भुवया वर जातात, मग ओठ सुटतो. हे सगळं दोन सेकंदांत. मी काडीला लायटर लागल्यापासूनच बटण दाबून ठेवते आणि एका काडीत चाळीस-पन्नास फोटो होतात. त्यांतले चांगले दोन असतात, एक पहिल्या तीन सेकंदांतला आणि एक काडी विझता विझताचा, चेहऱ्यावर "संपली?" असा भाव असलेला. मधल्या फोटोंत नुसती आतषबाजी.

शटरचा खेळ आता करून बघा. ठिणगी क्षणभर जगते. १/२५० ला तिचे तुटक ठिपके येतात, १/६० ला छोट्या रेघा, १/१५ ला लांब केसर. पण १/१५ ला मूलही हलतं. मी १/१२५ वर सुरू करते आणि थोरलीसारखं स्तब्ध राहणारं मूल असेल तर १/६० वर येते. धाकट्यासाठी १/२५०, आणि त्याबद्दल वाद नाही.

दोन मुलं एकत्र हवी असतील तर त्यांना एकमेकांकडे किंचित वळवून उभं करा, काड्या बाहेरच्या हातांत. दोघांच्या मधे अंधार राहतो म्हणून आतल्या हातात काड्या देण्याचा मोह होतो. पण मग दोन पेटलेली टोकं एकमेकांपाशी येतात. अंधार चालेल.

सव्वानऊनंतर: अक्षरं

आता आकाश काळं झालं की फुलबाजी पेन होते. कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ११, शटर ८ ते १० सेकंद, दोन सेकंदांचा टायमर. फोकस आधीसारखाच टॉर्चने घेऊन पक्का केलेला.

नवशिके इथे हमखास एक चूक करतात. रेघ फिकी आली की शटरचा वेळ वाढवतात, आणि रेघ तशीच फिकी राहते. कारण टोक एका जागी थांबत नाही. प्रत्येक बिंदूवरून ते क्षणात पुढे जातं, मग शटर पाच सेकंद उघडं असो की पंधरा. रेघेची जाडी आणि चमक ठरते ती अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि हाताच्या वेगावर. शटरच्या वेळेने फक्त मागची झाडं-आकाश किती उजळ दिसेल ते ठरतं. रेघ भडक येत असेल तर एफ १६, फिकी असेल तर एफ ८.

पहिलं अक्षर म्हणून मुलांना मराठी ४ काढायला द्या. तारीखही तीच. डावीकडून वरून खाली, तळाला गाठ, उजवीकडे वर, हात न उचलता एका झटक्यात होतो. आणि मुख्य म्हणजे तो डावीकडून-उजवीकडून जवळपास सारखा दिसतो. याचं महत्त्व दुसऱ्या अक्षराला कळतं: मूल कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहितं, म्हणून फोटोत सगळं आरशासारखं उलटं येतं. बाकीची अक्षरं नंतर फोनवर आडवी उलटवून घ्यावी लागतात. त्या दिवशी छापील टी-शर्ट घालू नका, नाहीतर अक्षर सुलटं होतं आणि छातीवरचं नाव उलटं.

हात न उचलता येणारं दुसरं अक्षर ळ. दोन गाठींचा ळ फुलबाजीने इतका देखणा येतो की आमच्याकडे दरवर्षी एक असतोच, नावात कुणाच्याही ळ नसताना. ग, श, म ही मंडळी त्रास देतात, कारण काना वेगळा काढावा लागतो आणि मधली उडीही रेघ म्हणून उमटते. उपाय: कॅमेऱ्यापाशी बसलेल्याने "थांब" म्हणत लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरायचा, मुलाने काडी पुढच्या जागी न्यायची, मग पुठ्ठा काढायचा. शिरोरेघ सगळ्यात शेवटी, वहीत काढतो तशीच. पूर्ण नाव लिहायच्या नादी लागू नका. एका मुलाला एक अक्षर, शेजारी शेजारी चार चुलत-मावस भावंडं, म्हणजे चार अक्षरी शब्द. क्रमही उलटा लावा, म्हणजे पहिलं अक्षर तुमच्या उजवीकडच्या मुलाचं. फोटो उलटवला की शब्द सरळ वाचता येतो.

लिहिताना हात खांद्याच्या उंचीपर्यंतच. डोक्यावर नेला की ठिणग्या केसांत पडतात. आधी दोन वेळा नुसत्या बोटाने हवेत गिरवून घ्या.

या फोटोत मूल नुसती काळी सावली होतं. ते दिसायला हवं असेल तर अक्षर पूर्ण झाल्यावर, शटर बंद व्हायच्या आत, बाजूने टॉर्चचा झोत अर्धा सेकंद त्याच्यावरून फिरवा. समोरून नको, बाजूने. तेवढा वेळ पुतळा.

एक फुकटची देणगी: जुलैच्या सुरुवातीला इथल्या अंगणात काजवे असतात. दहा सेकंदांच्या फोटोत ते गवतावर हिरव्या-पिवळ्या टिकल्यांसारखे उतरतात. आपल्याकडे भंडारदऱ्याला काजवे बघायला मेअखेर-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, गाड्या करून जावं लागतं. इथे ते कचऱ्याच्या डब्यापाशी असतात. काड्या संपल्यावर, धूर गेल्यावर, रिकाम्या अंगणाचा एक फोटो तेवढ्यासाठी काढा.

कॅमेरा नाही, फोन आहे

फोनने चेहऱ्याचे फोटो चांगले येतात, पण रात्रीचा मोड बंद करा. तो कित्येक फोटो जोडून एक करतो, आणि त्यात मूल पुसट होतं. साध्या मोडमध्ये चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो, मग बोट खाली ओढून उजेड कमी करा. झूम करू नका, पावलं पुढे टाका, दोन मीटरपर्यंत.

अक्षरांसाठी आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर त्याला 'लाँग एक्स्पोझर' करता येतं. अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत प्रो मोड (आकडे स्वतः लावायचा) असतो, त्यात आयएसओ ५० किंवा १००, शटर चार-आठ सेकंद. फोन हातात धरून हे होत नाही. खुर्चीच्या पाठीला टेकवा, पाण्याच्या बाटलीला रबरबँडने बांधा, काहीही करा. लाइव्ह फोटो तीनच सेकंदांचा असतो, तेवढ्यात ४ होतो, ळ होत नाही.

शेजारची मुलं हमखास येऊन उभी राहतात. काडी त्यांना द्यायची की नाही आणि त्यांचा फोटो काढायचा की नाही, दोन्ही त्यांच्या आईवडिलांना विचारून.

पाच जुलैची सकाळ

तीनशे फोटो आले असतील तर आठ ठेवा. निवडताना आधी डोळे बघा: दोन्ही बुबुळांत ठिणगीचा ठिपका आहे का? तो असेल तर बाकीचं थोडं इकडेतिकडे चालतं. मग थोडं उबदार करा, सावल्या फार उचलू नका. काळोख काळाच राहू द्या, नाहीतर तुम्ही काल टाळलेले कचऱ्याचे डबे उगवतील. दाणे काढणारं बटण निम्म्यापर्यंतच सरकवा. पूर्ण सरकवलं की मुलांचे गाल मेणाचे होतात. अक्षरांचे फोटो उलटवून घ्या, आजीला पाठवा.

आणि नाश्त्याआधी फ्रिजवरचं सगळ्यात मोठं लोहचुंबक दोरीला बांधून गवतावरून फिरवा. तारा लोखंडी असतात, चिकटून वर येतात. बादलीतल्या मोजून झाल्या तरी गवतात एखादी सापडतेच. यंदा दोन निघाल्या, एक खडूच्या वर्तुळाच्या अगदी मधोमध. गवत कापायचं यंत्र त्यानंतर.